‘सतर्क राहा’ म्हणजे नेमकं काय करू, साहेब?

मृग लागायला मोजून काही दिवस उरले. म्हणजे ती प्रेसनोट यायची वेळ झाली. दरवर्षीचीच. अतिवृष्टीची शक्यता आहे, नदीकाठच्यांनी सतर्क राहावं, योग्य ती खबरदारी घ्यावी, प्रशासनाला सहकार्य करावं. तारीख बदलते, खालची सही बदलते, मजकूर जिथल्या तिथे.

माझा प्रश्न साधा आहे. डांगोर्ली, बिरसोला, कासा अशा काठच्या गावातल्या एखाद्या बाईने हे वाचलं, तर रात्री तिने करायचं काय? जागी राहायचं? किती रात्री? जून ते सप्टेंबर १२२ रात्री होतात. खबरदारी ‘योग्य ती’ म्हणजे कोणती? कुठे जायचं, कोणत्या रस्त्याने, किती पाणी चढल्यावर, गाय-म्हैस कुठे न्यायची, म्हाताऱ्या सासऱ्याला कोण उचलणार? यातलं एक अक्षर त्या कागदावर नसतं. तो कागद लोकांसाठी नसतोच मुळी. उद्या कोणी विचारलं तर ‘आम्ही कळवलं होतं’ म्हणता यावं, म्हणून तो असतो.

२०२० चा ऑगस्ट आठवा. एकीकडे करोना, दुसरीकडे महिनाअखेरीस मध्य प्रदेशात शिवनी-बालाघाटकडे धो-धो पाऊस. भीमगडचं संजय सरोवर भरलं, दरवाजे उघडले, वैनगंगा फुगली. आधी आपल्या गोंदिया-तिरोड्याची काठची गावं वेढली. मग भंडारा शहर पाण्यात. मग गोसेखुर्दचे सगळे ३३ दरवाजे. मग ब्रह्मपुरी, देसाईगंज, आरमोरी. बघा, हे एका झटक्यात नाही झालं. पाणी एकेक जिल्हा करत खाली सरकलं. ढगफुटी नव्हती, भूकंप नव्हता. नदीने वेळ दिला होता. तो वेळ काठच्या घरांपर्यंत का पोचला नाही, यावर त्यानंतर दोन राज्यांचे अधिकारी एकमेकांकडे बोट दाखवत राहिले. कळवलं होतं, नव्हतं कळवलं, उशिरा कळवलं. ज्याच्या ढोलीतलं धान कुजलं त्याला या वादात काय रस?

बरं, कळवतात तेव्हाही कसं कळवतात? ‘अमुक धरणातून इतके क्युमेक विसर्ग.’ दुसऱ्या मेसेजमध्ये क्युसेक. एक क्युमेक म्हणजे सेकंदाला एक हजार लिटर, आणि एक क्युमेकमध्ये पस्तीस क्युसेक बसतात. म्हणजे ३,००० क्युमेक आणि ३,००० क्युसेक यात नदी आणि नाल्याएवढा फरक. फॉरवर्ड करताना शेवटची दोन अक्षरं बदलली की एक तर गाव उगाच पळतं, नाहीतर झोपून राहतं. आणि हा आकडा बरोबर आला तरी त्याचा माझ्या उंबरठ्याशी संबंध काय? पुजारीटोला, कालीसरार, शिरपूर या बाघ प्रकल्पाच्या धरणांमधून अमुक पाणी सोडलं की गावातल्या कोणत्या टोलीत किती तासांनी किती फूट येणार, हे मला सांगा. ते सांगता येत नाही असं नाही. गावातली म्हातारी माणसं सांगतात की २०२० ला पाणी कोणत्या पायरीपर्यंत होतं. त्या पायरीवर रंगाने एक पट्टा मारायला किती खर्च येतो? शाळेच्या भिंतीवर, ग्रामपंचायतीच्या खांबावर, पुलाच्या कठड्यावर. इथपर्यंत आलं तर खालची टोली रिकामी, इथपर्यंत आलं तर आख्खं गाव रिकामं. अडाणी माणसालाही वाचता येणारा इशारा. क्युमेकची गरजच नाही.

आता लाईटीचं बोलू, कारण पुरापेक्षा आधी ती जाते आणि तिच्यासोबत बाकी सगळंच जातं.

आपला जिल्हा वीज पिकवणारा आहे. तिरोड्याला ३,३०० मेगावॅटचं औष्णिक केंद्र उभं आहे, ६६० चे पाच संच. तिथून ७६५ केव्हीची लाईन थेट औरंगाबादेपर्यंत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरपर्यंत गेली आहे. आपल्या बांध्यांच्या डोक्यावरून. राख आपली, तारा आपल्या शेतावरून, आणि वारा सुटला की अंधारही आपलाच. पण इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, नाहीतर आपला राग चुकीच्या दारावर जातो. मृगाच्या वाऱ्यात आपली लाईट जाते ती वीज कमी पडली म्हणून नाही. ती जाते शेवटच्या दहा-वीस किलोमीटरमध्ये. जंगलातून आलेल्या ३३ आणि ११ केव्हीच्या लाईनवर फांदी पडते, इन्सुलेटर फुटतो, जंपर सुटतो, डीपी जळते. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावकडे लाईन जंगलातून येते, तिथे फॉल्ट कुठे आहे हे शोधायलाच लाईनमनला अख्खी रात्र चालावं लागतं, आणि एकेकाकडे गावं किती असतात ते विचारा. भर पावसात खांबावर चढणारा तो माणूस आपला शत्रू नाही. उन्हाळ्यात फांद्या छाटल्या का, सडके खांब बदलले का, डीपीच्या पेटीला झाकण आहे का, हे विचारायचं ते त्याच्या वरच्यांना. आणि मे महिन्यात विचारायचं. जुलैमध्ये रस्ता अडवून काय उपयोग?

राज्य वीज नियामक आयोगाची २०२१ ची नियमावली आहे. बिघाड किती वेळात दुरुस्त व्हायला हवा याच्या मुदती त्यात आहेत, आणि मुदत हुकली तर ग्राहकाला भरपाईही आहे. त्यातही शहराची मुदत कमी, गावाची जास्त. म्हणजे कागदावरच ठरलेलं आहे की आपण जास्त वेळ अंधारात बसायचं. ठीक, पण तेवढी तरी मुदत पाळा. आणि आपण? १९१२ वर फोन करून तक्रारीचा नंबर घेणारे गावात किती? नंबरच नाही तर मुदत कुठून मोजणार? ‘सगळ्यांचीच गेली आहे, कोणीतरी केला असेल फोन’ म्हणून आपण झोपतो. ते ‘कोणीतरी’ही असंच म्हणून झोपलेलं असतं.

लाईट गेली की नुसता पंखा बंद होतो असं ज्याला वाटतं तो शहरात राहतो. नळयोजनेची मोटर बंद, म्हणजे पाणी बंद. गोंदिया शहरालासुद्धा पाणी डांगोर्लीहून वैनगंगेचंच येतं, पंपाने. मग मोबाईलच्या टॉवरची बॅटरी काही तासांत उतरते. टॉवर बंद की फोन म्हणजे खेळणं. आणि आपला सगळा इशारा कशावर? एसएमएसवर, व्हॉट्सॲप ग्रुपवर, ‘दामिनी’वर, २०२३ मध्ये सगळ्यांचे फोन एकदम किंचाळले होते त्या सरकारी अलर्टवर. ज्या वादळाने धरण भरतं त्याच वादळाने लाईन पडते. म्हणजे इशाऱ्याची सगळ्यात जास्त गरज ज्या रात्री, नेमका त्याच रात्री इशारा येणारा रस्ता बंद. एवढी सरळ गोष्ट आहे. ती लक्षात घेऊन बॅटरीवरचा एक भोंगा प्रत्येक काठच्या गावात हवा की नको? मंदिरात आहे, मशिदीत आहे, बुद्धविहारात आहे, लग्नाच्या डीजेवाल्याकडे तर गाव हलवणारा आहे. आणि कोतवालाची दवंडी आपण मागासलेली म्हणून मोडीत काढली, तिला चार्जिंग लागत नव्हतं.

आता घराकडे येतो. सरकारला बोलून झालं म्हणजे आपण सुटलो असं नाही.

फॅमिली ग्रुपवर एक यादी फिरते. इंग्रजीतून जशीच्या तशी उचललेली. डबाबंद अन्न, कॅन ओपनर, स्लीपिंग बॅग, गाडीची टाकी फुल. वाचून हसू येतं. आपल्या घराचा धोका वेगळा, आपलं घर वेगळं. आपल्याकडे ओसरी आहे, गोठा आहे, ढोली आहे, आणि तीन दिवस काय खायचं हा प्रश्न आपल्या आजीने कधीच सोडवलेला आहे. मुरमुरे, पोहे, फुटाणे, गूळ, चिवडा. शिजवावं लागत नाही, खराब होत नाही, पोरं खातात. हे डबे ऑगस्टपर्यंत रिकामे होऊ द्यायचे नाहीत, एवढीच शिस्त.

पाणी मात्र मोजून. पूर आला की सगळीकडे पाणी आणि प्यायला थेंब नाही, कारण विहिरीत आणि हातपंपात गढूळ शिरतं. माणशी दिवसाला चार लिटर धरा, पाच माणसं, तीन दिवस, साठ लिटर. म्हणजे वीस लिटरच्या तीन कॅन. आकाशात काळं दिसलं की आधी त्या भरायच्या, मग वाळत घातलेलं काढायचं. आशाताईकडून क्लोरीनचं औषध आधीच घेऊन ठेवा.

उजेड. रेशनचं राकेल गेलं, त्यामुळे चिमणी-कंदील आता भिंतीवरची शोभा. मेणबत्ती कुडाच्या घरात नकोच. चांगली टॉर्च, एक सौर कंदील. ही चैन नाही. पावसाळ्यात बिळात पाणी शिरलं की साप वर येतो, घरात येतो. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते. अंधारात पाय खाली टाकणं म्हणजे काय ते आपल्याकडे कोणाला सांगायला नको. टॉर्च उशाशी, खाटेवर झोपायचं, मच्छरदाणी गादीखाली खोचायची. चावलाच तर झाडफुकीत वेळ न घालवता १०८, आणि तीही येत नसेल तर मोटरसायकलवर मधे बसवून सरकारी दवाखाना.

ज्याला परवडतं त्याने इन्व्हर्टर घ्यावा, पण हिशोब करून. १५० एएचची १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे कागदावर १,८०० वॅट-तास, हाती येतात बारा-तेराशे. एक साधा पंखा आणि दोन एलईडी बल्ब लावले तर रात्र निघते. त्यावर टीव्ही आणि फ्रिज लावला तर रात्री दहालाच अंधार, आणि मग कंपनीला शिव्या. अजून एक, इन्व्हर्टर जमिनीवर ठेवू नका हो. पाणी सगळ्यात आधी त्यालाच लागतं. ओट्यावर, टेबलावर, कंबरेच्या वर.

ज्यांच्या घरात कोणी ऑक्सिजनच्या मशीनवर आहे, डायलिसिसवर आहे, ज्या बाईची तारीख जुलै-ऑगस्टमधली आहे, सिकलसेलचं पोर आहे, त्यांच्यासाठी हा सगळा मामला वेगळाच. त्यांनी पाणी चढायची वाट बघायची नसते. इशारा आला की त्यांनी पहिलं निघायचं, तालुक्याला नातेवाईक असेल तर आदल्या दिवशीच. इन्सुलिन घेणाऱ्यांनी घाबरू नये: उघडलेली बाटली पंचवीस-तीस अंशांखाली राहिली तर चार आठवडे चालते. ओल्या मातीच्या मडक्यात, पाणी लागणार नाही अशा डबीत ठेवा. पण अशा माणसांची यादी गावात कोणाकडे आहे का? आशाताईच्या डोक्यात आहे, अंगणवाडीताईच्या वहीत आहे. तहसीलच्या आपत्ती आराखड्यात आहे का, ते जाऊन बघा. कलेक्टरसाहेब ज्या जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात, त्याचा आराखडा हा २००५ च्या कायद्याने बंधनकारक दस्तऐवज आहे. मागून बघायचा आपल्याला हक्क आहे.

विजेचा धोका पाण्यात दुप्पट होतो. घरात पाणी शिरायच्या आधी मेन स्विच बंद, गॅसचा रेग्युलेटर बंद. मेन स्विच कुठे आहे हे घरातल्या सगळ्यांना माहीत हवं, फक्त बाबांना नाही. पायाखाली पाणी असताना बोर्डाला हात नाही. टिनाच्या शेडला बांधलेली कपड्यांची लोखंडी तार काढून टाका आणि दोरी लावा. खांबाच्या ताणाला बैल बांधू नका. तुटून पडलेल्या तारेजवळ कोणी जाऊ नका, पोरांना तर मुळीच जाऊ देऊ नका. आणि नदीवरची मोटर! पाणी चढताना मोटर काढायला धावणारे आपल्यात दरसाल असतात. वीस-पंचवीस हजारांच्या मोटरसाठी ओल्या वायरींमध्ये, वाहत्या पाण्यात, रात्री. मोटर काढायचीच असेल तर धरणाचा पहिला मेसेज आल्यावर, दिवसा, सप्लाय बंद करून, दोघांनी मिळून. नाहीतर तिला जाऊ द्या.

रोवणीच्या दिवसांत वीज कडाडली तर बांधीतून बाहेर. मोहाच्या झाडाखाली नाही, पक्क्या घरात. बाया अर्ध्या मजुरीच्या भीतीने बांधीतच उभ्या राहतात, हे मालक लोकांनी ऐकावं. अर्धा तास काम थांबलं म्हणून मजुरी कापायची नाही, एवढं गावाने ठरवलं तर ‘दामिनी’ ॲपपेक्षा जास्त जीव वाचतील. सरकार मेल्यावर चार लाख देतं.

आता निघण्याचं. इथेच सगळं अडतं.

‘लोक ऐकत नाहीत, घर सोडत नाहीत.’ मीटिंगमध्ये हे वाक्य ऐकून कान किटले. लोक का सोडत नाहीत हे कधी विचारलं? घरात सहा महिन्यांचं धान आहे. गोठ्यात दोन बैल, एक म्हैस. यांना सोडून कसा जाईल तो? जिथे न्यायचं ती जिल्हा परिषदेची शाळा. तिथे जनावराला जागा आहे? संडासात पाणी आहे? लाईट आहे? बिल थकलं म्हणून शाळांची वीज कापल्याच्या बातम्या महाराष्ट्राला नव्या नाहीत, आणि पुराच्या रात्री तीच शाळा निवारा केंद्र. बाईला रात्री अंधारात, चार गावच्या पुरुषांमध्ये, ओल्या लुगड्याने झोपायला सांगता आणि वर म्हणता ऐकत नाही.

मागे राहतो तो माणूस अडाणी नसतो, त्याचा हिशोब पक्का असतो. केंद्राच्या २०२२ च्या निकषांत दुधाच्या जनावराला ३७,५०० रुपये आणि ओढकामाच्या जनावराला ३२,००० रुपये आहेत. बैलबाजारात जाऊन तेवढ्यात काय मिळतं ते विचारा. घर वाहून गेलं किंवा दोन दिवसांहून जास्त पाण्यात राहिलं तर कपड्यांचे २,५०० आणि भांड्यांचे २,५००. म्हणजे पाणी दीड दिवसात उतरलं तर आपली भांडी कोरडीच होती असं समजायचं. राज्य सरकार मधूनमधून जीआर काढून ही अट सैल करतं, ते खरं. पण पूर येऊन गेल्यावर, ओरड झाल्यावर. या आकड्यांवर विश्वास ठेवून कोण गोठा सोडेल? म्हणून जो म्हणतो की माणसं हलवा, त्याने आधी जनावरांची उंचावरची जागा ठरवावी. तलावाची पाळ नाही हां. माजी मालगुजारी तलावांच्या कितीतरी पाळी स्वतःच कधी फुटतील सांगता येत नाही. गावठाणाची वरची जमीन, एखादा मोठा गोदामाचा ओटा. आणि वेळच उरला नाही तर दावं कापून मोकळं सोडा. जनावर पोहतं, बांधलेलं जनावर मरतं.

कागद: सातबारा, आधार, रेशन कार्ड, पासबुक, पोरांचे दाखले, औषधाच्या चिठ्ठ्या. जाड पन्नीत, दोनदा गुंडाळून, एका पिशवीत, दाराजवळच्या खुंटीला. आज संध्याकाळी करा हे, पंधरा मिनिटांचं काम आहे. सगळ्याचे फोटो काढून बाहेरगावच्या पोराला पाठवून ठेवा. जनावराचा फोटो कानातल्या बिल्ल्यासकट काढा, बारा अंकी नंबर दिसला पाहिजे. बिल्ला नसेल तर भरपाईच्या कागदाला तिथेच आडकाठी लागते. धानाची पोती पाटावर, फळ्यांवर, जमेल तितकी उंच. आणि कुटुंबाने एक ठिकाण ठरवून ठेवा, फुटाफूट झाली तर सगळे तिथेच भेटायचे. फोन लागणार नाही हे धरूनच चाला.

डोंग्याचंही बोललं पाहिजे. पूर आला की सगळ्यात आधी पोचतो तो आपल्या गावचा ढिवरभाऊ, आपला डोंगा घेऊन. राज्याचं आपत्ती दल नागपूरला, तिथून गोंदिया रस्त्याने तीन-साडेतीन तास, रस्ता सुरू असेल तर. पहिले काही तास गावाचेच. पण त्या डोंगेवाल्याकडे लाईफ जॅकेट नाही, दोर नाही, त्याचा विमा नाही. ८ ऑगस्ट २०१९ ला सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला काय झालं? लोकांना बाहेर काढणारी बोटच उलटली, क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसली म्हणून. डझनाहून जास्त माणसं गेली. वाचवायला निघालेल्या बोटीत. ग्रामपंचायतीच्या निधीतून दहा लाईफ जॅकेट घेता येत नाहीत का? स्वागत कमान घेता येते ना?

कोणी म्हणेल, आपण गरीब जिल्हा, एवढं कुठून जमणार. ओडिशा काय श्रीमंत आहे? १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथे दहा हजारांच्या आसपास माणसं मेली. त्यानंतर त्यांनी गावोगाव निवारे बांधले, गावातलीच पोरं तयार केली, दरवर्षी सराव घेतले. २०१३ ला फायलीन आलं तेव्हा दहा लाखांच्या आसपास लोक हलवले, २०१९ ला फनी आलं तेव्हा बारा लाख. मृत्यू दोन आकड्यांत राहिले. पुरीत त्यानंतर कित्येक दिवस लाईट नव्हती, पण माणसं होती. आपल्या बाजूचं राज्य आहे ते, छत्तीसगड ओलांडलं की आलं. आणि स्वीडनसारखा देश, जिथे लाईट जाणं ही बातमी असते, तिथलं सरकार २०१८ ला आणि पुन्हा २०२४ ला घरोघरी पुस्तिका पाठवतं की संकट आलं तर काय करायचं. आपल्याकडे घरोघरी येतं ते उमेदवाराचं पत्रक.

सराव नसला की काय होतं ते आपण शेजारी पाहिलं आहे. ९ जानेवारी २०२१, भंडाऱ्याचं जिल्हा सामान्य रुग्णालय. नवजात बाळांच्या कक्षात रात्री आग. सतरा बाळं होती, सात बाहेर काढली, दहा गेली. त्यावर फार लिहवत नाही. पण आपल्या दवाखान्यांत, आश्रमशाळांत, वसतिगृहांत रात्री दोन वाजता लाईट गेली आणि धूर झाला तर कोणी कोणाला कोणत्या दाराने काढायचं, हे ड्युटीवरच्या एकाला तरी पाठ आहे का? वायरिंगची तपासणी शेवटची कधी झाली? आपलं पोर आश्रमशाळेत असेल तर पुढच्या भेटीला हा प्रश्न विचारा. मागचं दार कुलपात आहे का, आणि किल्ली कोणाकडे, तेवढं बघूनच या.

ग्रामसभेबद्दल. १ मे ला, जिल्ह्याच्या वाढदिवशी, ती होऊन गेली. घरकुलाच्या यादीवर तास-दीड तास गेला असेल, पुरावर पाच मिनिटं तरी? पुढची १५ ऑगस्टला. तोपर्यंत नदी थांबत नाही. त्यामुळे याच आठवड्यात सरपंच, ग्रामसेवक, पोलीस पाटील यांना एकत्र बसवा आणि लेखी विचारा. निवारा कोणता, त्याची किल्ली कोणाकडे, तिथे लाईट आणि पाणी कुठून? जनावरं कुठे? आजारी आणि गरोदर बायांची यादी कोणाकडे? भोंगा कोण वाजवणार, त्याची बॅटरी कोण चार्ज ठेवणार? डोंगे किती, जॅकेट किती? लाईनवरच्या फांद्या छाटल्या का? उत्तर ‘वरून आदेश आले नाहीत’ असं असेल तर तेही लेखीच घ्या.

जिल्हा नियंत्रण कक्ष १०७७, पोलीस ११२, रुग्णवाहिका १०८, वीज १९१२. हे चार आकडे फोनमध्ये नको, दाराच्या मागे खडूने लिहा.

आणि खाली कमेंटमध्ये एवढंच टाका: तुमचं गाव, निवारा केंद्र म्हणून ठरलेली जागा, आणि तिची किल्ली कोणाकडे आहे. माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ लिहा. मृगाच्या आदल्या दिवशी ही सगळी यादी गावाच्या नावासकट तहसील कार्यालयात नेऊन देतो आणि पोच इथेच टाकतो.